भीमबेटकाचा डिकिन्सोनिया: एका जीवाश्माची फेरतपासणी

मार्च २०२० मध्ये दिल्लीत ३६वी आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषद भरायची होती. करोनाच्या साथीमुळे ती पुढे ढकलली गेली. मात्र परिषदेच्या निमित्ताने भारतात आलेली काही मंडळी तोवर मध्य प्रदेशात पोहोचली होती. भोपाळजवळ, रायसेन जिल्ह्यातल्या भीमबेटकाच्या शैलाश्रयांना त्यांनी भेट दिली. तिथे 'ऑडिटोरियम' नावाची मोठी, आरपार गुहा आहे. तिच्यात जमिनीपासून साधारण ११ फुटांवर खडकाला चिकटलेली एक लांबट, पानाच्या आकाराची खूण त्यांच्या नजरेस पडली. लांबी सुमारे १७ इंच, मधोमध एक रेघ आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना बारीक धारा. सहज पाहणाऱ्याला ते गुहेतलंच एखादं पुसट चित्र वाटावं. अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाचे ग्रेगरी रिटॅलॅक यांनी आयुष्यभर जुने खडक पाहिले आहेत. त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो डिकिन्सोनिया, म्हणजे एका अतिप्राचीन, मऊ शरीराच्या जीवाचा ठसा वाटला.

२०२१ मध्ये 'गोंडवाना रिसर्च' या नियतकालिकात त्यांचा लेख आला. डिकिन्सोनिया टेनुइस या जातीचा जीवाश्म भारतात प्रथमच सापडला आहे, तो विंध्य खडकांतल्या मैहर वालुकाश्मात आहे, आणि त्यामुळे हा वालुकाश्म साधारण ५५ कोटी वर्षांचा ठरतो, असा लेखाचा मथितार्थ होता. वृत्तपत्रांनी बातमी उचलून धरली. जगातल्या सर्वांत जुन्या प्राण्यांपैकी एक, तोही जागतिक वारसास्थळावर, माणसाने रंगवलेल्या हरणा-बैलांच्या शेजारी! यापेक्षा चांगली बातमी शोधूनही मिळाली नसती.

दोन वर्षांनी त्याच नियतकालिकात दुसरा लेख आला. फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ मीर्ट, राजस्थान विद्यापीठाचे मनोज पंडित आणि त्यांचे सहकारी २०२२ मध्ये भीमबेटकाला जाऊन आले होते. त्यांचा निष्कर्ष असा की ती वस्तू जीवाश्म नाहीच. ते आग्या माश्यांनी सोडून दिलेल्या पोळ्याचे अवशेष आहेत.

हा किस्सा सहसा हसण्यावारी सांगितला जातो. मला तो त्याहून गंभीर वाटतो, कारण पहिला लेख लिहिणारे नवशिके नव्हते आणि आकाराची तुलना करण्यात त्यांनी कसूर केली असंही नाही. फोटो शेजारी शेजारी ठेवले तर साम्य आजही जाणवतं. चूक झाली ती निराळ्या जागी. ती नेमकी कुठे, हे समजायला आधी तो प्राणी आणि त्याचा समुद्र पाहावा लागेल.

तो समुद्र आणि तो प्राणी

एडियाकारन हा कालखंड ६३.५ कोटी वर्षांपूर्वी, एक मोठं हिमयुग संपलं तिथे सुरू होतो आणि सुमारे ५३.९ कोटी वर्षांपूर्वी, कँब्रियन या पुढच्या कालखंडाच्या तोंडाशी संपतो. भूवैज्ञानिक कालगणनेत त्याला अधिकृत जागा मिळाली ती २००४ मध्ये. त्या काळच्या उथळ समुद्राच्या तळावर आजच्यासारखी मोकळी वाळू किंवा गाळ नसे. वाळूवर सूक्ष्मजीवांचा चिवट, सलग थर पसरलेला असे. हा थर उकरणारं, त्यात खोल शिरून बीळ करणारं कोणी अजून अवतरलं नव्हतं. शिकार करणारेही जवळपास नव्हते. म्हणून मऊ शरीराचे, कवच नसलेले, पळता न येणारे जीव त्या थरावर उघड्यावर पडून राहू शकत.

त्यांतले काही पिसासारखे उभे होते, बुडखा तळात रोवलेला आणि पातं पाण्यात डोलणारं. ट्रायब्राकिडियम नावाचा एक वाटोळा जीव तीन समान भागांत विभागलेला होता. आजच्या कुठल्याही प्राण्याच्या शरीराची मुख्य आखणी अशी तिपदरी नाही. किंबरेला हा गोगलगाईच्या दूरच्या नात्यातला असावा. थर खरवडून खाल्ल्याच्या त्याच्या खुणा दगडावर पंख्यासारख्या उमटलेल्या सापडतात. आणि या सगळ्यांत ठळक तो डिकिन्सोनिया: अंडाकृती, चपटा, जाडी जेमतेम काही मिलिमीटर आणि अंगभर उभ्या-आडव्या टाक्यांनी शिवलेल्या गोधडीसारखे कप्पे. लहानात लहान नमुने काही मिलिमीटरांचे आहेत, तर मोठ्यात मोठे जवळपास १.४ मीटर लांबीचे. मधल्या रेघेच्या दोन्ही बाजूंचे कप्पे नीट पाहिले तर अगदी समोरासमोर नसतात, एकआड एक सरकलेले दिसतात. तोंडाचा पत्ता नाही, आतड्याची खात्रीलायक खूण नाही. तो बहुधा पोटाच्या बाजूनेच खालचा थर विरघळवून शोषून घेत असावा. एका जागचं संपलं की पुढे सरकायचा. अशा बैठकींचे पुसट, अंडाकृती ठसे एकामागून एक ओळीने सापडले आहेत आणि कधीकधी ओळीच्या टोकाला खुद्द प्राणीही आहे. वनस्पती किंवा बुरशी अशी जागा बदलत बसत नाही.

हा प्राणी जगापुढे आणला रेग स्प्रिग या ऑस्ट्रेलियन भूवैज्ञानिकाने. १९४६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एडियाकारा टेकड्यांत जुन्या खाणींची पाहणी करताना त्याला दगडांवर हे ठसे दिसले. पुढच्याच वर्षी त्याने एका प्रकाराला आपल्या खात्याचे प्रमुख बेन डिकिन्सन यांचं नाव दिलं. १९४८ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषदेत त्याने हे सांगितलं, पण फारसं कोणी लक्ष दिलं नाही. इतक्या जुन्या खडकांत प्राणी असूच शकत नाहीत, ही त्या काळची पक्की समजूत होती. स्वतः स्प्रिगनेही ते खडक कँब्रियनच्या आरंभाचे मानले होते.

चित्र पालटलं १९५७ मध्ये, इंग्लंडमधल्या चार्नवुडच्या जंगलात. तिथे शाळकरी मुलांना एका कड्यावर पिसासारखा ठसा सापडला. हा जीव चार्निया नावाने ओळखला जातो. चार्नवुडचे खडक कँब्रियनपूर्व आहेत याबद्दल भूवैज्ञानिकांत दुमत नव्हतं. म्हणजे खडकाचं वय आधीच ठरलेलं होतं, ठसा नंतर सापडला आणि म्हणूनच त्या ठशाला वजन आलं. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. भीमबेटकाला तो उलटा झाला.

(योगायोग असा की विष्णु श्रीधर वाकणकर यांनी भीमबेटकाच्या गुहा जगाच्या नजरेस आणल्या त्याही १९५७ मध्येच. रेल्वेतून जाताना दूरवर दिसलेले खडक त्यांना वेगळे वाटले आणि उज्जैनचे हे मराठी पुरातत्त्वज्ञ तिथे जाऊन पोहोचले. पुढे २००३ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.)

डिकिन्सोनिया नेमका कोण, यावर मात्र पुढेही सत्तर वर्षं वाद चालला. जेलीफिश, चपटा कृमी, प्रवाळाचा भाऊबंद, प्रचंड मोठी एकपेशी, बुरशी, दगडफूल असे सगळे पर्याय मांडून झाले. २०१८ मध्ये इल्या बोब्रोव्स्की आणि ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या त्याच्या सहकाऱ्यांनी रसायनशास्त्राचा आधार घेतला. रशियात श्वेत समुद्राच्या काठी असे कडे आहेत, जिथल्या जीवाश्मांवर सेंद्रिय पदार्थाचा पातळ पापुद्रा अजून शिल्लक आहे. त्या पापुद्र्यातली स्टेरॉइडं तपासली, तेव्हा डिकिन्सोनियाच्या मोठ्या नमुन्यांत ९३ टक्क्यांपर्यंत कोलेस्टेरॉलपासून बनलेले रेणू निघाले. भोवतालच्या थरात मात्र हिरव्या शेवाळांत असतात तशी स्टेरॉइडं वरचढ होती. कोलेस्टेरॉलवर चालणारं शरीर म्हणजे प्राण्याचं शरीर. बहुतेकांनी तेव्हा वाद मिटल्याचं मानलं.

रिटॅलॅक यांनी मानलं नाही. एडियाकारनचे बरेचसे जीवाश्म समुद्रातले नाहीतच, जमिनीवरच्या मातीत वाढणाऱ्या दगडफुलांसारख्या जीवांचे ते ठसे आहेत, असं ते अनेक वर्षं मांडत आले होते. २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी हे सविस्तर लिहिलं. त्यांच्या क्षेत्रातले बहुसंख्य संशोधक ते मान्य करत नाहीत. भीमबेटकाचा ठसा पाहिला तो या दृष्टीच्या माणसाने. डिकिन्सोनिया नव्या खंडातल्या नव्या खडकात मिळणं त्यांच्यासाठी मोलाचं होतं.

ठसा कुठे उमटतो

या प्रकरणाचा निकाल मला वाटतं इथेच दडलेला आहे.

मऊ शरीर दगडात टिकतं तरी कसं? वादळाने वाळूचा लोंढा तळावर येऊन पडतो. सूक्ष्मजीवांच्या थरावर बसलेला प्राणी त्याखाली गाडला जातो. खालचा थर आणि प्राणी कुजू लागतात. त्यातून निघणाऱ्या गंधकाचा लोहाशी संयोग होऊन वरच्या वाळूच्या तळाशी एक कडक पापुद्रा धरतो. प्राणी नाहीसा होतो, पण वाळूच्या खालच्या अंगाला त्याचा साचा राहतो. म्हणून एडियाकाराचे ठसे शोधायचे तर वालुकाश्माच्या लाद्या उचलून उलट्या कराव्या लागतात. दक्षिण ऑस्ट्रेलियात निलपेना इथे मेरी ड्रोसर आणि त्यांचा चमू वर्षानुवर्षं हेच करत आला आहे: एकेक थर उकलायचा, लादी पालथी करायची, तुकडे पुन्हा जुळवून समुद्राचा तो तळ जसाच्या तसा मांडायचा.

थोडक्यात, खऱ्या ठशाला ठरलेली जागा असते. तो दोन थरांच्या मधल्या सपाट पृष्ठभागावरच असतो. थराला काटकोनात, तो छेदून जाणारा डिकिन्सोनिया असू शकत नाही, कारण समुद्राचा तळ उभा नसतो. थर पुढे भूकंपाने, दाबाने कलले तर ठसाही त्यांच्याबरोबर कलेल, पण थराशी असलेलं त्याचं नातं बदलणार नाही.

आता भीमबेटकाकडे या. गुहेचं छत म्हणजे बहुतेक वेळा वरच्या वालुकाश्माच्या थराचं खालचं अंग. एडियाकाराच्या अभ्यासकाची मान गुहेत शिरल्यावर आपोआप वर जाणार, कारण एरवी मेहनतीने पालथी करावी लागणारी लादी इथे निसर्गाने आधीच उघडी करून ठेवलेली आहे. त्यामुळे रिटॅलॅक यांनी वर पाहिलं यात काही चूक नाही. उलट, बरोबर जागी पाहिलं असं मी म्हणेन. पहिल्या लेखात ठसा गुहेच्या छतावर असल्याचंच सांगितलं होतं.

मीर्ट आणि सहकाऱ्यांनी जाऊन पाहिलं तेव्हा ती वस्तू छताच्या सपाट अंगावर नव्हतीच. ती जवळजवळ उभ्या, फुटलेल्या खडकाच्या भिंतीला चिकटलेली होती. थरांच्या पृष्ठभागाशी तिचा काही संबंध नव्हता.

एवढं एक निरीक्षण पुरेसं होतं. बाकीचा पुरावा या निष्कर्षाला दुजोरा देणारा आहे, पण तो इतका ठोस की वाचताना जरा अवघडल्यासारखं होतं. २०२० मधल्या फोटोंशी ताडून पाहता ती वस्तू मधल्या काळात झिजलेली दिसली. तिचे पापुद्रे खडकापासून सुटत होते. पंचावन्न कोटी वर्षं टिकलेला ठसा अडीच-तीन वर्षांत गळून पडत नाही. शिल्लक भागात मेणाचे अवशेष होते, पोळ्यातल्या घरांची रचना ओळखू येत होती. आणि आजूबाजूच्या खडकांवर आग्या माश्यांची पोळी लटकत होती, काही नांदती, काही रिकामी. सोडून दिलेल्या काही पोळ्यांच्या खुणा त्या 'जीवाश्मा'शी मिळत्याजुळत्या होत्या.

आग्या माशी पोळं उघड्यावर बांधते. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत नाही, तर कड्याच्या पुढे आलेल्या कपारीखाली, उंच झाडाच्या आडव्या फांदीला किंवा पाण्याच्या टाकीच्या पोटाशी, आणि पोळं एकच, मोठं, खाली लोंबणारं. फुलोरा संपला की सगळी वसाहत उठून दूर निघून जाते आणि पुढल्या हंगामात बरेचदा त्याच जागी परतते. मागे राहिलेलं पोळं ऊन-पावसाने, मेणअळीने हळूहळू गळतं. खडकाला चिकटलेला त्याचा वरचा भाग सर्वांत शेवटी जातो. मधली जाड रेघ आणि तिच्या दोन्ही अंगांना ओळीने लागलेल्या घरांच्या कडा, असा आकार त्यातून उरला तर नवल नाही. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर वावरणाऱ्यांना कातळकड्यांवरचे हे काळपट, लांबट डाग ओळखीचे असतात. त्यांच्या बाजूला कोणी मोठ्याने बोलूही नये, अशी ताकीद गावकरी देतात.

विंध्याचं वय

मीर्ट केवळ एक डाग तपासायला तिथे गेले नव्हते. पहिल्या लेखातली जी गोष्ट त्यांना खटकली ती होती खडकाचं वय.

विंध्य महासंघाचे थर राजस्थानपासून बिहारपर्यंत पसरलेले आहेत. गाळाच्या खडकांची जाडी काही किलोमीटर, आणि तरीही फारसे न घडी पडलेले, न भाजलेले. सांचीचे स्तूप याच वालुकाश्माचे आहेत आणि पन्नाचे हिरे याच प्रदेशात मिळतात. इतका देखणा, इतका सलग खडक आणि त्याचं वय मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ वादात! खालचे विंध्य म्हणजे सेमरी गट. वरच्यात कैमूर, रेवा आणि सर्वांत वर भांडेर. भीमबेटकाचा मैहर वालुकाश्म हा भांडेर गटाचा भाग.

हा वाद किती विचित्र वळणं घेऊ शकतो याचं उदाहरण १९९८ चं आहे. त्या एका वर्षात खालच्या विंध्यातून दोन खळबळजनक दावे आले. अॅडॉल्फ सेइलाखर, जादवपूरचे प्रदीप बोस आणि फ्रीड्रिश फ्लुगर यांनी 'सायन्स'मध्ये लिहिलं की चोरहाट वालुकाश्मात कृमींनी केलेली बिळं आहेत आणि हा खडक १०० कोटींहून अधिक वर्षांचा आहे. म्हणजे प्राणी आपण समजतो त्याच्या दुप्पट जुने. त्याच वर्षी डेहराडूनच्या वाडिया संस्थेचे रफत जमाल आझमी यांनी जाहीर केलं की त्याच सेमरी गटाच्या रोहतास चुनखडकात कँब्रियनच्या आरंभीचे छोटे कवचधारी जीवाश्म आहेत. म्हणजे तो खडक जेमतेम ५४ कोटी वर्षांचा. एकाच खडकसमूहातून दोन गटांनी काढलेल्या वयांत निम्म्याचा फरक.

दोघांनाही उत्तर दिलं ते खडकाच्या वयानेच. खालच्या विंध्यात ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेले थर आहेत. राखेत झिरकॉनचे स्फटिक असतात आणि झिरकॉनमधल्या युरेनियमचं शिशात रूपांतर किती झालं यावरून वय निघतं. २००२ मध्ये दोन स्वतंत्र चमूंनी ते मोजलं: साधारण १६३ कोटी वर्षं. इतक्या जुन्या समुद्रात कृमी असण्याची शक्यता मावळली. कँब्रियनची तर बातच सरली.

आझमींच्या जीवाश्मांचं पुढे जे झालं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत वेधक पान वाटतं. स्वीडनचे स्टेफान बेंगट्सन आणि सहकाऱ्यांनी चित्रकूटजवळचे नमुने पुन्हा तपासले. २००९ मध्ये त्यांनी लिहिलं की जीवाश्म अस्सल आहेत, फक्त ते कँब्रियनचे नाहीत, त्याहून १०० कोटी वर्षांनी जुने आहेत. नळ्यांसारखे दिसणारे अवशेष प्राण्यांचे नव्हते, तंतुमय शेवाळांचे होते. २०१७ मध्ये त्याच खडकांतून लाल शेवाळांसारख्या दोन जीवांची नावं जाहीर झाली, साधारण १६० कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे जगातल्या अतिप्राचीन प्रगत पेशींच्या जीवांची. त्यांतल्या एकाचं नाव रफतआझमिया चित्रकूटेन्सिस. वयाचा निष्कर्ष साफ चुकला होता, तरी शोध मोठा होता आणि नाव शोधणाऱ्याचंच राहिलं.

वरच्या विंध्याची गोष्ट इतकी सरळ नाही. भांडेर गटासाठी आडून पुरावा गोळा करावा लागतो. पन्नाजवळच्या मझगवाँला हिऱ्यांची खाण आहे. तिथला ज्वालामुखीय खडक सुमारे १०७ कोटी वर्षांपूर्वी कैमूरच्या वालुकाश्मात घुसला, म्हणजे कैमूर त्याहून जुना. मीर्ट यांचा विषय पुराचुंबकत्व, खडकात गोठलेली जुन्या चुंबकक्षेत्राची दिशा. भांडेर आणि रेवाच्या थरांतली ही दिशा मझगवाँच्या खडकातल्या दिशेशी जुळते, असं त्यांच्या गटाला आढळलं. शिवाय २००८ मध्ये त्यांनी वरच्या विंध्यातल्या वाळूतले झिरकॉन मोजले तेव्हा साधारण १०० कोटी वर्षांपेक्षा तरुण कण मिळाले नाहीत. यावरून वरचे विंध्यही १०० कोटींच्या आसपासचेच, असं ते मानतात.

तेव्हा भीमबेटकाच्या ठशाने काय पणाला लावलं होतं ते ध्यानात येईल. तो खरा असता तर वरच्या विंध्याचं वय निम्म्यावर आलं असतं. भारत ५५ कोटी वर्षांपूर्वी गोंडवन महाखंडात, ऑस्ट्रेलियाच्या जवळपास जोडला गेला होता, याला आधार मिळाला असता. रिटॅलॅक यांच्या लेखाचा तोच मुख्य मुद्दा होता. आणि मीर्ट यांच्या दीड दशकाच्या कामावर पाणी पडलं असतं. तटस्थ इथे कोणीच नव्हतं. मीर्ट तिथे गेले ते स्वतःच्या खडकांचा हिशेब राखायला, हे कबूल केलेलं बरं. त्याने त्यांचा पुरावा कमकुवत होत नाही. उलट, ज्याचं नुकसान होणार तोच इतक्या लांब जाऊन एक डाग न्याहाळत बसतो.

चूक कुठे झाली

माझ्या मते चुकीचं मूळ मघाशी म्हटलेल्या उलट्या क्रमात आहे. चार्नवुडला खडकाने ठशाला ओळखपत्र दिलं. भीमबेटकाला ठशाकडून खडकाचं वय काढून घेतलं गेलं, आणि त्या ठशाला स्वतःचं असं ओळखपत्र नव्हतं, केवळ आकार होता. आकार हा जीवाश्मशास्त्रातला पहिला सुगावा आहे, पण एकटा आकार साक्षीला चालत नाही. निसर्गात लांबट, मधे रेघ आणि दोन्हीकडे धारा असा घाट शेकडो गोष्टींचा असतो.

परिस्थितीही विरोधात होती, हे मान्य करायला हवं. भीमबेटका हे संरक्षित स्मारक. तिथे हातोडी चालवणं, खरवडून नमुना घेणं यांचा प्रश्नच येत नाही, आणि तसं असायलाच हवं. वस्तू हाताच्या टप्प्यापलीकडे होती. भेट धावती होती आणि मग लगेच जग बंद झालं, परत जाऊन बघण्याची सोय उरली नाही. पण यातली कुठलीही अडचण एक प्रश्न विचारण्याच्या आड येत नव्हती: ही वस्तू ज्या पृष्ठभागावर आहे तो थराचा पृष्ठभाग आहे की खडक फुटून तयार झालेली भिंत? त्यासाठी शिडी लागत नाही. चार पावलं मागे सरून थरांच्या रेषा कुठून कुठे जातात ते पाहावं लागतं. दुसरा प्रश्न संख्येचा. निलपेनाला एका लादीवर डझनांनी ठसे मिळतात, कारण वादळाने गाडला जातो तो सगळा तळ, एकटादुकटा प्राणी नाही. एवढ्या मोठ्या गुहेत दुसरा ठळक सोबती नसावा, ही गोष्ट खटकायला हवी होती.

रिटॅलॅक यांच्याविषयी एक सांगायलाच हवं. दुसरा लेख आल्यावर त्यांनी आडवळणं घेतली नाहीत. ते पोळंच होतं हे त्यांनी आणि सहलेखकांनी मान्य केलं आणि तसं नियतकालिकाला कळवायची तयारी दाखवली. आयुष्यभर अल्पमतात राहून भांडलेल्या माणसाकडून हे आलं, म्हणून मला ते जास्त मोलाचं वाटतं. विज्ञानात मतं बदलायला पिढ्या लागतात असं म्हणतात. इथे काही आठवड्यांत काम झालं.

पोळं बाजूला केल्यावर उरलं काय? वरच्या विंध्याचं वय आपोआप १०० कोटी ठरलं असं मुळीच नाही. तरुण वयाच्या बाजूचा एक पुरावा गळाला, इतकंच. झिरकॉनचा पुरावाही नकारार्थी आहे. वाळूत तरुण कण नाहीत याचा अर्थ खडक जुना असा होऊ शकतो, किंवा वाळू जिथून वाहून आली तिथे तरुण खडकच नव्हते असाही. पुराचुंबकत्वाची जुळणी त्याला बळ देते, पण सगळ्यांचं तिने समाधान झालेलं नाही. भांडेरच्या थरांत वय मोजता येईल असा राखेचा थर मिळाला तर हा वाद एका दिवसात मिटेल.

आणि भारतात एडियाकारनच्या समुद्राचे प्राणी शोधायचे असतील, तर ज्यांचं वय त्या काळाशी जुळतं असे खडक आहेत. हिमालयाच्या पायथ्याकडच्या रांगांत, सोलन-मसुरीच्या बाजूला क्रोल गटाचे थर आहेत. ते हिमयुगाच्या गाळावर बसलेले असल्याने त्यांचं वय नेमकं या कालखंडात येतं. राजस्थानात जोधपूरचा वालुकाश्म आहे. तो ७५ कोटींहून अधिक जुन्या ज्वालामुखीय खडकांवर विसावला आहे, आणि त्यातून चकत्यांसारखे ठसे नोंदवले गेले आहेत. जोधपूरला हाच दगड इमारतींसाठी खाणींतून लादी लादी करून निघतो, त्यामुळे थरांची खालची अंगं रोज उघडी पडतात. पालथ्या लाद्या बघत फिरायचं तर जागा ती आहे.